खळ नसलेला धागा

नवागाम, सुरत
१६ फेब्रुवारी २०२५

सुमन,

वर आशीर्वाद घालू का, असं लिहिणारीनं विचारलं. मी म्हटलं, नको. आशीर्वाद घेणारीनं तो मागायला हवा, आणि तू मागितलेला नाहीस. नुसतं नाव लिही.

मी ठगूबाई. चार वर्षं तुझी सासू होते. आता तू एकसष्टची असशील, मी एक्याऐंशीची. म्हणजे दोघी म्हातारपणात पोचलो, फक्त मी आधी येऊन खाटेवरची बरी जागा धरली. डोळे दोन्ही आहेत, कान एक आहे, दातांचं विचारू नकोस.

तुझा पत्ता आमच्या गल्लीतल्या धर्मेंद्रनं आणला. तो बारडोलीला टेम्पो घेऊन जातो, तुझा नवरा लोटू कारखान्याच्या रस्त्याला राहतो हे त्याला माहीत होतं. तो फोन नंबरही देत होता. मी घेतला नाही. फोनवर तू माझा आवाज ऐकशील आणि ठेवून देशील. कागद ठेवून दिला तरी घरात राहतो.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. तू शिकवायला बसली होतीस एकदा. पाटीवर माझ्या नावाचा ठ काढून दिलास. मी म्हटलं, हे तर नुसतं पोट दिसतंय. दोघी हसलो होतो. तुझ्या लग्नाचं पहिलं वर्ष होतं, तेव्हा त्यावर हसता येत होतं.

हे पत्र ज्योती लिहिते आहे, माझ्या नातवाची बायको. नातू सागर म्हणजे मारुतीचा मुलगा, तुझ्यानंतर अनुसया आली तिचा. सागर गुजराती शाळेत शिकला, त्याला मराठी अक्षरं जमत नाहीत. ज्योती दोंडाईच्याकडची, बारावी झालेली. मी सांगते, ती लिहिते, आणि शेवटी मोठ्यानं वाचून दाखवते. लिहिणाऱ्यानं वाचून दाखवायचंच, हा माझा नियम आहे. नाहीतर ही मनाचं काहीही घालेल. तसं आताही करतेच. माझी अहिराणी ही शाळेच्या मराठीत धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवते.

ज्योतीच्या लग्नाला पाच वर्षं झाली. पाळणा नाही. हे वाक्य तिनं न थांबता लिहिलं. सवय झाली आहे तिला.

तू कशी शे? हे मात्र तसंच ठेवायला लावलं आहे.

ठगूबाई
(खाली अंगठा आहे. जरा जास्तच दाबला गेला.)


नवागाम
९ मार्च २०२५

सुमन,

तुझं उत्तर नाही. असेल, पोस्टाला वेळ लागत असेल. मला काही वाटलं नाही. मला हल्ली गुडघ्यातच काय ते वाटतं.

मागच्या पत्रात मी कामाचं बोललेच नाही. चहा दिला आणि साखर फडताळातच ठेवली. आज देते.

पाच वर्षांत या दोघांनी पुष्कळ दवाखाने केले. प्रत्येक ठिकाणी सागरचं तपासलं, हिचंही तपासलं. प्रत्येक ठिकाणी, "बधुं नॉर्मल छे." आता नवरा-बायको दोघांचं सगळं नॉर्मल असलं की दोष कुणाचा, हे आपल्याकडं ठरलेलंच असतं. तुला मी काय सांगू.

मग दिवाळीनंतर ज्योतीला कळलं की एका मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई अशाच नॉर्मल लोकांचा अभ्यास करते आहे. सागर जाईना. इच्छापोरच्या कंपनीत सुट्टी मिळत नाही म्हणाला. म्हणून मी चक्कर आल्याचं सोंग केलं. मला घेऊन रिक्षातून निघाला, आणि मी पत्ता तिथला दिला. म्हातारी खोटं बोलते असं कुणाला वाटत नाही. माझं निम्मं आयुष्य त्यावर निघालं.

परवा निकाल सांगायला बोलावलं. आम्ही तिघं गेलो. बाईनं गुजरातीत, हिंदीत, हातवारे करून सांगितलं. मी माझ्या पद्धतीनं सांगते.

अंगात जंतूंशी भांडणारी काही प्रथिनं असतात. थुंकीत असतात, डोळ्यांच्या पाण्यात असतात. त्यांतल्याच एकाचा पातळ लेप पुरुषाच्या बीवर चढलेला असतो. (इथं ज्योती थांबली. म्हणाली, आजी, बी म्हणू की शुक्राणू? मी म्हटलं, मी काय म्हणाले? मग तेच लिही. सुमनला बी कळतं.) हा लेप दोन कामं करतो. जंतूंना लांब ठेवतो. आणि बाईच्या पिशवीच्या तोंडाशी चिकट पाणी असतं, त्यातून बीला पार नेतो. सागरच्या बीवर हा लेप जवळजवळ नाहीच. मोजायला गेलं तर बी भरपूर. पळायलाही चांगलं. काचेखाली बघणाऱ्याला सगळं नॉर्मल. पण त्या चिकट पाण्यात जाऊन अडकतं.

सागर खाली बघत होता. ज्योती भिंतीवरच्या चित्राकडं. मी म्हटलं, बेन, म्हणजे खळ नाही लागली.

तिला कळलं नाही, तुला कळेल. तुझे सासरे सुरतला येण्याआधी मालेगावला सूत खळीतून काढायच्या कामाला होते. तू त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलंयस. ताण्याचं सूत आधी कांजीच्या हौदातून काढायचं, वाळवायचं, मग मागावर चढवायचं. कांजीला बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं. तो एकच थर सुताला कुजू देत नाही आणि फणीतून सरळ जाऊ देतो. खळ नसलेला धागा हातात घेतला तर काही कळत नाही. तीच जाडी, तेवढेच धागे. मागावर चढवला की तुटतो. आणि मग शेठ कुणाला बोलतो? मागावर उभं राहणाऱ्याला.

बाई म्हणाली, मूल होणारच नाही असं नाही. वेळ लागतो. नळीनं बी थेट पिशवीत सोडलं तर ते चिकट पाणी टाळता येतं, तेही करून बघता येईल. म्हणाली, हे जन्मापासूनचं असतं, आईबापांकडून येतं. पुष्कळ पुरुषांत असतं आणि त्यांना पोरंही होतात, कुणाला लवकर, कुणाला उशिरा. अभ्यास अजून चालू आहे, शपथेवर काही सांगणार नाही, असंही म्हणाली. मी विचारलं, याच्या बापातही असेल का? म्हणाली, त्यांची तपासणी केल्याशिवाय कसं सांगू?

मारुती तपासणीला जाणार नाही. त्याला अजून सांगितलेलंच नाही. सागरनं आम्हा दोघींना देवासमोर हात ठेवायला लावला, पप्पांना सांगायचं नाही म्हणून. घरी येऊन त्यानं बापाला सांगितलं, "नॉर्मल आहे." मारुती "बरं" म्हणाला आणि ज्योतीकडं बघून टीव्ही लावला.

तर माझं काम एवढंच. अनुसयाला सागर झाला तो सातव्या वर्षी. तिला आम्ही सात वर्षं दिली, कारण दुसरीही परत पाठवली तर गावात तोंड दाखवता आलं नसतं. तुला चार दिली होती.

लोटूशी तुझा पाट लागला, त्यानंतर पहिलं मूल किती दिवसांनी झालं? मला नुसता आकडा कळव. बाकी काही लिहू नकोस.

ठगूबाई


नवागाम
६ एप्रिल २०२५

सुमन,

तुझं कार्ड मिळालं. गुजरातीत होतं. तुझ्या मुलानं लिहिलं असेल, अक्षर जोरात आहे. ज्योतीनं एकेक अक्षर लावून वाचलं. "अकराव्या महिन्यात मुलगा. फरी लखशो नहीं."

मी बोटं मोजायला घेतली. एक कमी पडलं.

पुन्हा लिहू नका म्हणालीस, आणि मी लिहिते आहे. तू माझ्याकडं होतीस तेव्हाही तुझं म्हणणं मी एका कानानं ऐकायची. तेव्हा दोन होते.

ज्योतीला मी तुझं काही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, तू भांडून गेलीस. घरात तसंच सांगितलं जातं. आता ती लिहितेच आहे तर तिलाही कळू दे.

तू भांडली नाहीस. शहाऐंशी सालची आखाजी होती. (ज्योती अक्षय्य तृतीया लिहायला निघाली होती, मी आखाजीच ठेवायला लावलं.) तुझा भाऊ गणपत तुला न्यायला आला. मी पुरणाच्या पोळ्या केल्या, त्याला सांजोऱ्या बांधून दिल्या. तुझी ओटी भरली. गहू, नारळ, हिरवा खण. सणाला माहेरी जाणाऱ्या लेकीसुनेची भरतात तशीच, अगदी हसून. तू म्हणालीस, "आत्याबाई, झोक्यावर बसायची आता मला लाज वाटते, माझ्याबरोबरच्या सगळ्या पोरं घेऊन येतात." मी म्हटलं, "बस गं, झोका काही विचारत नाही." मग तू दारात चप्पल घालताना विचारलंस, घ्यायला कोण येईल? मी म्हटलं, मारुती येईल, पंधरा दिवसांत.

कुणी आलं नाही.

एवढंच. कुणी तुला हाकललं नाही, कुणी हात उचलला नाही, पंचांत बसवलं नाही. सणाला पाठवलं आणि आणायला गेलो नाही. ही आपल्याकडची रीत चांगली आहे. कुणाला वाईट बोलावं लागत नाही. माहेरचे आधी वाट बघतात, मग पाऊस पडतो, पेरणी निघते, मग त्यांनाच उमगतं.

मारुती का आला नाही, ते आज विचारू नकोस.

ज्योती पाणी प्यायला उठली. आली परत. तिनं विचारलं, "आजी, त्यांनी किती दिवस वाट बघितली असेल?" मी म्हटलं, तुझ्या मनचं घालू नको पत्रात. पण तिनं घातलं, आणि वाचून दाखवताना तेही वाचलं. राहू दे.

ठगूबाई


नवागाम
२४ एप्रिल २०२५

सुमन,

येत्या बुधवारी आखाजी आहे.

मारुतीनं स्वतः ज्योतीच्या भावाला फोन केला. म्हणाला, "पाच वर्षांत पोर सणाला नीट माहेरी राहिलीच नाही, घेऊन जा. राहू दे आरामात." फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "जाऊ दे आखाजीला. मग बघू." शब्दसुद्धा तेच आहेत. तुझ्या वेळचे, माझे. मी कुणाला अक्षर शिकवलं नाही, पण हे बरं शिकवलं.

घरात सगळे फार नीट वागत आहेत. मारुतीनं सुनेला मोरपंखी साडी आणली. अनुसया सांजोऱ्या करते आहे. ती मुळात बोलत नाही, पण काल तळताना म्हणाली, "मला सात वर्षं लागली होती." कुणाला म्हणाली ते कळलं नाही. कढईला म्हणाली असेल. सागर कंपनीतून येतो, जेवतो, मोबाईल बघतो. मी त्याला म्हटलं, बापाला सांग. म्हणाला, "आजी, तू देवासमोर हात ठेवलायस." मी म्हटलं, देव मला ओळखतो, तू तुझं बघ. तो उठून गच्चीवर गेला.

मी बोलू शकते. मारुती माझ्यासमोरच बसतो, दोन हातांवर. त्याला शुगर आहे, बिनसाखरेचा चहा पितो आणि तोंड वाकडं करतो. मी तोंड उघडते आणि म्हणते, चहा निवला.

ज्योती सगळ्या साड्या घेते आहे. चार दिवस सणाला जाणारी बाई शाल बांधत नाही. हिनं शाल बांधली. बारावीची सर्टिफिकेटंही घेतली. हे सगळं मी सांगितलं आणि तिनं लिहिलं, जसं काही दुसऱ्या कुणाच्या सामानाचं आहे.

आता तिनं पेन ठेवलं आणि विचारलं, "आजी, मला घ्यायला कोण येईल?"

मी म्हटलं, लिही तू.

ठगूबाई


नवागाम
११ मे २०२५

सुमन,

अक्षर बदललेलं तुला दिसलं असेल. भाषा आपली आहे, अक्षरं गुजराती आहेत. सागर लिहितो आहे. ज्योती इथं नाही.

ती गेली त्याला बारा दिवस झाले. मी तिची ओटी भरली. गहू, नारळ, खण. सागरनं पहिल्या चार दिवसांत दोनदा फोन केला, तिनं घेतला नाही. मग त्यानं केला नाही. मारुतीनं काल म्हटलं, "तिला यायचं नसेल." बघ, किती सोपं असतं.

आज रविवार आहे, सागर घरी आहे. त्याला मी म्हटलं, बारडोलीला एक पत्र पाठवायचं आहे, लिहिणारी तू जाऊ दिलीस, आता तू लिही. बिचारा बसला. त्याला वाटलं, म्हातारी गुडघ्याचं काही सांगेल.

लिही सागर. थांबू नकोस.

सुमन, मारुती तुला घ्यायला आला नाही, पण तो निघाला होता. आखाजीनंतर तेराव्या दिवशी त्यानं पिशवी भरली होती. मी त्याला दारात म्हटलं, गणपतचा निरोप आला आहे, सुमनला यायचं नाही, तिनं तिकडं दुसरं घर बघितलं आहे. असा निरोप आला नव्हता. तुझ्या सासऱ्यांना माहीत होतं. ते गप्प राहिले. ते मेले तेव्हाही त्यांनी ते सांगितलं नाही. माणूस शब्दाचा पक्का होता. मारुतीनं पिशवी खुंटीला लावली आणि दोन दिवस जेवला नाही. मग जेवला. पुढच्या वर्षी अनुसया आली.

तो आजपर्यंत समजतो की तू त्याला सोडलंस. म्हणून त्याला कुणाला सोडून देणं फार जड वाटत नाही. हे माझं काम आहे.

आता सागरचं. सागर, मान वर कर, आणि लिही. सागरच्या बीवर तो लेप नाही. ज्योतीत काही दोष नाही. डॉक्टरीणबाईनं हे फेब्रुवारी संपल्यावर सांगितलं, कागदावर आहे, कागद त्याच्या कंपनीच्या पिशवीत आहे, हेल्मेटखाली. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, जन्मताना कुणी आपलं सूत निवडून आणत नाही. लाज बाई गेली त्याची वाटायला हवी.

तो लिहितो आहे. हळू लिहितो आहे. एक शब्द खोडला, मी परत लिहायला लावला.

सागरचं गुपित एकटंच उघडलं असतं तर त्यानं जन्मभर माझं तोंड बघितलं नसतं. म्हणून त्याच्या शेजारी माझं मोठं ठेवलं. आता दोघांना मिळून शिव्या बसतील.

पत्र संपलं. आता सागर हे मोठ्यानं वाचून दाखवील. लिहिणाऱ्यानं वाचून दाखवायचं, हा या घरातला नियम आहे. माझा एक कान गेलेला, त्यामुळं चांगलं मोठ्यानं वाचावं लागतं. मारुती आतल्या खोलीतच आहे. टीव्ही मी आधीच बंद केला आहे.

ठगूबाई


याच कागदावर, संध्याकाळी.

वाचलं. सागरनं पुरं केलं, खोडून परत लिहिलेला शब्दही वाचला. अनुसया स्वयंपाकघरातून येऊन दाराला टेकून उभी राहिली.

मारुती पहिल्या ओळींनाच बाहेर येऊन बसला. पिशवीचं वाक्य आलं तेव्हा त्यानं खुंटीकडं बघितलं. आता तिथं खुंटीही नाही, टीव्हीची वायर आहे. मग त्यानं विचारलं, "तिला तिकडं मूल किती दिवसांनी झालं?"

मी तुझं कार्ड सागरच्या हातात दिलं. त्यानं वाचलं, "अकराव्या महिन्यात."

"बरं," म्हणाला. पायात चपला घातल्या, दारापर्यंत गेला, परत येऊन काढल्या. माझ्याशी बोलला नाही. अजून बोललेला नाही. चहा मात्र माझ्यासमोर बसूनच प्यायला, तोंड वाकडं केलं नाही.

नंतर त्यानं सागरला सांगितलं, बुधवारच्या पॅसेंजरला दोंडाईच्याला जायचं. तीन जण. मी, सागर, आणि तिसरं कोण ते कुणी विचारलं नाही. मारुतीच्या बुटांना पॉलिश झालं आहे.

ज्योती येईल की नाही, मला माहीत नाही. मी तिच्या जागी असते तर आले नसते. तिला सगळं माहीत आहे, तिनंच लिहिलं आहे. फक्त हे शेवटचं नाही. हे तिला तिकडं अंगणात वाचून दाखवायचं, तिच्या भावासमोर, सागरनं. त्यासाठी त्यानं एक प्रत उतरवून घेतली आहे. ती त्यानं न सांगता केली.

गाडी बारडोलीला दोन मिनिटं थांबते. बुधवारी जाताना मी खिडकी लावून घेईन. शुक्रवारी परत येताना उघडी ठेवीन. शेजारी ज्योती असेल किंवा जागा रिकामी असेल, उघडीच असेल. तू फलाटावर यावंस असं मी म्हणत नाही. त्या वेळी तुला कारखान्याच्या रस्त्यानं काही काम निघालं आणि लांबून गाडी दिसली, तर बघ.

मारुती पंधरा दिवसांत येईल, असं मी तुला म्हणाले होते. तुझ्या दारापर्यंत यायची माझी लायकी नाही. स्टेशनापर्यंत येते आहे.

ठगूबाई